फुलं गेली तरी लिलीची पानं कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे सरत आला की सांगली-मिरजेच्या अंगणांतले फुटबॉल लिलीचे लाल गोंडे उतरू लागतात. अमरिलिसचा बहर त्याआधीच ओसरलेला असतो. (रोपवाटिकेत अमरिलिस म्हणून मिळते ती खरी हिप्पीॲस्ट्रम, मूळची दक्षिण अमेरिकेची, फुटबॉल लिली आफ्रिकेची.) मग पानं छाटली जातात, नाहीतर कुंडी जिन्याखाली जाते. पुढच्या उन्हाळ्यात फूल का येत नाही, याचं उत्तर तिथंच आहे. कंद भरतो तो पावसाळ्यात, पानांच्या जिवावर. अमरिलिसचा सुकलेला दांडा तेवढा दोन इंच ठेवून कापावा, बी धरू देऊ नये.

दुसरं दुखणं कुजण्याचं. महाबळेश्वरला पाऊस प्रचंड, पण जांभ्या मातीतून पाणी निघून जातं. आपल्याकडे पाऊस बेताचा, पण काळी माती पाणी धरून बसते. म्हणून वाफा जमिनीपेक्षा नऊ इंच उंच करावा. माती, जाड वाळू आणि पूर्ण मुरलेलं शेणखत सारखं घ्यावं. ताजं शेण अजिबात नको. अमरिलिसच्या कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर हवा, फुटबॉल लिलीची मान, म्हणजे कंदाचा पानं फुटतात तो वरचा निमुळता भाग, मातीच्या पातळीला. युरियाने पानं माजतात, फूल रुसतं.

कंद मानेशी दाबून मऊ लागला तर उकरून बघावा. कुजके पापुद्रे काढत पांढऱ्या, टणक भागापर्यंत जावं, चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत लावावा. मात्र बुडाची चकती, कांद्याला मुळ्या फुटतात ती, काळी पडली असेल तर कंद गेलाच समजा.

पावसाळ्यात पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची काळी अळी येते. पानं संपली की ती थेट मानेत शिरते. रोज सकाळी पानांची खालची बाजू बघून अळ्या वेचाव्यात, साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, पण ते अळ्या बारीक असतानाच.

फुटबॉल लिलीची पानं दिवाळीनंतर आपोआप पिवळी पडतात. तेव्हा पाणी तोडावं ते थेट मार्चपर्यंत. तिला दरवर्षी उकरू नये, दाटीतच ती जास्त फुलते. हे कंद विषारी असतात. उकरलेले कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नयेत, जनावरांपुढे टाकू नयेत.

राहिला ऑनलाइन मिळणारा ट्यूलिप. त्याला फुलण्याआधी बारा-चौदा आठवडे फ्रिजसारखी थंडी लागते. सांगलीत ती कुठून आणणार?

– एक बागप्रेमी वाचक, विश्रामबाग, सांगली