धनेशाच्या फोटोसाठी डीएसएलआर?

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘डीएसएलआर कॅमेरा घेऊ का?’ हे पहिल्या ओळीत विचारलंस आणि कशासाठी ते पार शेवटी: वाडीतल्या वडावर येणारे धनेश पक्षी! गणपतीची आरास नि पोरांचे वाढदिवस यांच्यासाठी विचारलं असतंस, तर ‘मोबाइल पुरे’ एवढंच लिहून मोकळा झालो असतो.

उंच फांदीवरचा धनेश मोबाइलवर मोठा करत गेलास की चोच कुठली नि पान कुठलं ते कळेनासं होतं. त्याला लांब पल्ल्याची लेन्स हवी आणि उजेड टिपणारा सेन्सर मोबाइलपेक्षा बराच मोठा. दुकानदार फुलफ्रेम कॅमेऱ्याची भलामण करील. त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. तू त्या फंदात पडू नकोस. निकॉनच्या स्वस्त कॅमेऱ्यांतला एपीएस-सी नावाचा लहान सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो आणि त्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी चालते, म्हणजे चौकटीत पक्षी मोठा दिसतो. पक्ष्यांसाठी हा फायदाच.

डीएसएलआरच्या आतली गंमत आरशाची. लेन्समागे तिरका आरसा असतो. तो उजेड वर वळवतो आणि तिथून तो तुझ्या डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे तुला पडदा नाही, खरा पक्षी दिसतो. बटण दाबलं की आरसा वर जातो, शटर उघडतं नि क्षणभर डोळ्यापुढे अंधार. तासभर डोळा लावून बसलास तरी बॅटरी फारशी उतरत नाही. निकॉन डी३५०० चं एका चार्जिंगचं अधिकृत माप १५५० फोटो आहे. वाट बघायच्या कामाला हे फार मोलाचं. आरशाचा खटका मात्र रानाच्या शांततेत चांगलाच ऐकू जातो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे तो खटकाही नाही.

२०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही फुलफ्रेम मिररलेस आणले आणि कंपन्यांचं सगळं लक्ष तिकडे गेलं. डीएसएलआरचे दिवस भरले म्हणतात ते खरंच आहे. पण आपल्यासारख्यांना त्यात सोय आहे. हौशी मंडळी चांगले सेट विकून मिररलेसकडे वळतायत. तू वापरलेलाच घे. बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त पैसे घाल. सोबत मिळणारी १८-५५ लेन्स जवळच्या पल्ल्याची, धनेशासाठी कुचकामी. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून लेन्स मोटर आतच असलेली, म्हणजे एएफ-एस किंवा एएफ-पी बघ, नाहीतर फोकस हातानेच करत बसशील. घेताना लेन्समधून टॉर्च मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तसाच परत ये. तुमच्याकडच्या पावसाळ्यात चांगल्या लेन्सलाही बुरशी धरते, म्हणून कॅमेरा चामड्याच्या बॅगेत न ठेवता सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेव.

खरी अडचण वडाच्या सावलीची. स्वस्त ७०-३०० लेन्स लांब टोकाला एफ/५.६ किंवा ६.३ च्या पलीकडे उघडत नाही, म्हणजे आत उजेड कमी येतो. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचं शटर चालून जाईल, उडत्याला १/१००० तरी हवं. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० च्या पुढे जातो आणि फोटो रवाळ येतो. ते चालवून घे. ट्रायपॉडने तुझे हात स्थिर होतील, धनेश नाही! आणि हे सगळं ऑटोवरच सोडणार असशील तर पैसे वाचव, दुर्बीण घे.

एक बजावून सांगतो. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते नि नर फटीतून चारा भरवतो. ढोलीपाशी माणूस दिसला की तो बिचकतो. तेव्हा तिथे ठाण मांडायचं नाही. फोटो वडावरच काढ.

डिसेंबरात येतोय. माझा कॅमेरा नि ७०-३०० आणतो, चार दिवस गळ्यात अडकवून हिंड. तोवर कुणाला विसार देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पुणेकर मित्र