पाटे वाढवण्याआधी वजनकाट्यावर जा

ऐरोली, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "गाडीचे मागचे पाटे (चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतो, मग खाद्याची ट्रॉली काय, घर पण ओढेल." मी रबाळ्याच्या सिग्नलला अडकलो होतो, मागून हॉर्न वाजत होते, म्हणून "घाई करू नको" एवढंच बोललो. आता सविस्तर लिहितो, कारण अगदी हेच मी गेल्या वर्षी करून बसलोय.

माझा पिकअप तू पाहिलायस. फोर बाय फोर, डबल कॅब. चिखलात खेळायचा म्हणून हौसेने दोन इंच उचलून घेतलेला, मागे मऊ पाटे, लांब शॉकअप. एक चाक दगडावर आणि एक खड्ड्यात असलं तरी चारही जमीन सोडत नसत. मग धंद्यात जनरेटर आला. येऊर आणि मुरबाडकडच्या फार्महाउसवर लग्नं असतात, तिथल्या कच्च्या वाटेवर टेम्पो रुततो. म्हटलं, दोन चाकी ट्रेलर करू आणि पिकअपला जोडू. ट्रेलरची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, ते सगळं रीतसर केलं.

पहिल्याच रात्री ठाणे-बेलापूर रोडवर समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारत होता. मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत होतो. नंतर कळलं, गाडी मागे बसल्यामुळे माझेच दिवे आभाळात गेले होते. स्टेअरिंगही हलकं, बोटाने फिरवावं असं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं, हे कुणाला सांगू नको.

गेलो तुर्भ्याला एका मिस्त्रीकडे. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दोन पाटे टाकू, विषय संपला." टाकले. गाडी मागून ताठ उभी राहिली, मी खूश. पण जनरेटर सोडून रिकामी चालवली की घोडबंदर रोडच्या प्रत्येक खड्ड्यावर मागचा भाग टणाटण उडायचा. बायको एकदा बसली आणि पुढच्या वेळी लोकलने गेली. पाटे कडक झाले आणि शॉकअप जुनेच राहिले, तर दबलेला पाटा उसळी मारतो तेव्हा त्याला आवरायला कुणी नसतं. पाटा वजन धरतो, शॉकअप त्याची उसळी धरतो. एकच बदललं की दुसरा उघडा पडतो.

खरी भीती वाटली ती गायमुख घाटात. उताराला ब्रेक दाबला तर पुढची चाकं धरतायत आणि मागून कुणी ढकलतंय असं वाटलं. ट्रेलरच्या जोडणीतच धक्क्याचा ब्रेक आहे, गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्याने त्याची चाकं धरतात, म्हणून निभावलं. दोष होता पिकअपच्या मागच्या ब्रेकमध्ये. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपना मागच्या हाउसिंगपासून (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या लोखंडी आवरणापासून) चॅसीवरच्या वॉल्वपर्यंत एक बारीक दांडी असते. माल भरून गाडी दबली की दांडी वर सरकते, वॉल्वला वजन कळतं आणि मागच्या ब्रेकला दाब जास्त मिळतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी व्हायची. माझी गाडी आता दबतच नव्हती. वॉल्व बिचारा समजत होता की मी रिकामा हिंडतोय! दोन इंच उचलली तेव्हाच ती दांडी नव्याने लावून घ्यायला हवी होती, पाटे टाकल्यावर तर नक्कीच. दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी कळंबोलीच्या वजनकाट्यावर गेलो. ट्रेलर सोडून एकटा ठेवला: १,८५० किलो. मग पिकअपला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेतली: १,४६० किलो. मधले ३९० किलो माझ्या हुकवर बसले होते, म्हणजे एकवीस टक्के. साधारण दहा ते पंधरा टक्के असावेत. हुक मागच्या चाकांच्याही चार फूट मागे असल्यामुळे तरफेसारखं होतं: मागच्या चाकांवर साडेपाचशेच्या आसपास पडत होते आणि पुढच्यांवरून दीडशे किलो उचलले जात होते. हलकं स्टेअरिंग ते हे.

तिथे काट्यावर उभा असताना मला तुझे आबा आठवले. शेणखताची गाडी भरताना ओरडायचे ना, "धुरजड झाली रं, बैलाच्या मानंवर येतंय, दोन पाट्या मागं सारा!" आणि जास्त मागे गेलं की "उलाळ झाली!" माझा पिकअप म्हणजे तो बैल, आणि मी त्याला जास्त चारा घालत बसलो होतो.

जनरेटर १,४०० किलोचा, हुकपासून ट्रेलरच्या चाकांच्या आसापर्यंत दहा फूट. फॅब्रिकेटरकडे जाऊन जनरेटर एक फूट मागे घेतला. दहातला एक फूट, म्हणजे हुकवरचे १४० किलो कमी. राहिले २५०, साडेतेरा टक्के. मोह झाला होता अजून मागे घ्यायचा. तो आवर. उलाळ ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो आणि त्या डोलण्यात पिकअपलाही ओढून नेतो.

मग एक पाटा काढून टाकला. त्याच्या जागी पाटा आणि चॅसीच्या मध्ये हवेचे रबरी फुगे बसवले. जनरेटर मागे असेल तेव्हा भरायचे, नसेल तेव्हा हवा सोडायची, पार रिकामे मात्र करायचे नाहीत. शॉकअप बदलले, वॉल्वची दांडी जुळवली. उचललेल्या गाडीमुळे ट्रेलरचं नाक वर जात होतं, म्हणून हुकचा बॉल खाली घेतला. पाटे हाउसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच लाव, जुने ताणलेले असतात, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घे. तू करशील त्यात हे नक्की चुकवशील, म्हणून लिहितोय.

आणि आरसी बुकातलं वजन पाट्यांनी वाढत नाही. क्लच, ब्रेक, हाउसिंग तेच राहतात. तुझ्या गाडीच्या पुस्तकात ओढायची मर्यादा भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाहून कमी असेल, तर खाद्याच्या दोन खेपा कर.

आधी ट्रॉली भरून काट्यावर ने, वर सांगितल्यासारखी दोन वजनं घे आणि आकडे मला कळव. तोवर मिस्त्रीकडे फिरकू नको.

काढलेला पाटा बाल्कनीत पडलाय, घरात रोज त्यावरून बोलणी खातो. चांगलं पोलाद आहे. आबांना विचार, तुमच्या लोहाराकडून कोयता करून घ्यायचा असेल तर दिवाळीला येताना घेऊन येतो.

तुझाच,
पक्या