समाधान सिस्टरनेच का मानायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरी बदलताना पगार बघावा की समाधान, यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. गणपतीसाठी गावी आलेय, घर पाहुण्यांनी भरलंय, तरी लिहायला बसले. चार पैसे जास्त मिळतात म्हणून कोकणातली मुलं मुंबई गाठतात आणि कामातला आनंद घालवून बसतात, असं लेखकांचं म्हणणं. त्यांना कोकणाची कळकळ आहे हे दिसतं. त्यांनी रात्रपाळी केलेली नाही, हेही दिसतं.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली सिस्टर. नवी मुंबईला जाण्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात होते. त्या कामावर माझा जीव होता. बरे होऊन गेलेले पेशंट बाजारात भेटले की घरच्यांची चौकशी करायचे. पण भातकापणीच्या दिवसांत एका रात्री फुरसं, हा विषारी साप, चावलेला माणूस आला. त्याचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध सुरू करायचं, आणि रिअ‍ॅक्शन येते का म्हणून त्याच्याजवळून हलायचं नाही. त्याच वेळी पलीकडे एक बाई बाळंतपणाच्या कळा देत होती. वॉर्ड भरलेला, सिस्टर मी एकटी. सगळे वाचले, पण ते नशीब. रात्रीला दुसरी सिस्टर द्या म्हटलं तर परवडत नाही, हे उत्तर.

राजीनामा दिला तेव्हा रुग्णालयाच्या मालकांनी समोर बसवून समाधानावर व्याख्यान दिलं, लेखात आहे जवळजवळ तेच. आपण सगळे एक कुटुंब, पैसा काय आज आहे उद्या नाही. आणि पुढे काय केलं? रुजू होताना फाइलला लागतात म्हणून घेतलेली माझी मूळ सर्टिफिकेटं, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीसकट, परत देईनात. एकदा मॅडम बाहेरगावी, एकदा कपाटाची चावी सापडत नाही. नोटिशीचा महिना पुरा केला तरी अनुभवाचा दाखला नाही. शेवटी माझे वडील तिथे जाऊन हात जोडून उभे राहिले. जन्मात कुणाकडे उसने पैसे न मागितलेला माणूस! तेव्हा कागद मिळाले. दाखला आजही नाही.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही सिस्टरचा पगार महिन्याला २०,००० रुपयांच्या खाली नसावा, आणि २०० च्या वर खाटा असतील तर तो सरकारी सिस्टरइतका असावा. मला त्या २०,००० च्या निम्मेही मिळत नव्हते. तेवढे दिले असते तर मी गाव सोडलं नसतं.

नवी मुंबईत सीटीसी, म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च, म्हणून सांगतात तो आकडा हातात येत नाही, हे खरं. मालकाचा पीएफचा वाटा आणि पाच वर्षांनी मिळायची ग्रॅच्युइटीसुद्धा त्यात धरतात. खोलीभाडं वेगळंच. पण व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर, हे शिकताना वाचलेलं मी तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. शिकवलं तसं काम करता येतं, पाळी संपल्यावर धडधड होत नाही. समाधान मला जास्त पगाराच्या जागी मिळालं, आणि माझ्या बॅचच्या मुलींचंही हेच म्हणणं आहे. जो नीट पगार देतो तोच पुरेशी माणसंही ठेवतो.

लेखात डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण आहे. महाडात राहून विंचूदंशावर त्यांनी केलेल्या कामाने कोकणात किती जीव वाचले, ते आम्हा सिस्टरना कुणी सांगायला नको. पण स्वतःहून पत्करलेला त्याग दुसऱ्याच्या पगारातून कापून घेता येत नाही.

आणखी एक. त्याच अंकात रुग्णालयांच्या जाहिराती आहेत, स्टाफ नर्स पाहिजेत, पगार योग्यतेनुसार. देवरुखच्या, राजापूरच्या मुली एसटीचं भाडं खर्चून मुलाखतीला जातात आणि आकडा तिथे गेल्यावर कळतो. पगाराचा आकडा नसेल तर नोकरीची जाहिरात आपण घेऊ नये, ही विनंती.

एक परिचारिका, ता. संगमेश्वर
(नाव छापू नये. माझी मैत्रीण अजून त्या जुन्या रुग्णालयातच नोकरीला आहे.)