वेलीला तपासून पोटॅश, माणसाला अंदाजपंचे

मा. संपादक यांस,
स. न.

आमच्या मखमलाबादकडे द्राक्षबागेला पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, द्यायचं तर आधी देठ परीक्षण करतात. पानांचे देठ लॅबला पाठवायचे, रिपोर्ट येईपर्यंत दम धरायचा आणि मग 0-0-50 हे पोटॅशचं खत किती सोडायचं ते ठरवायचं. माझे थोरले बंधू अण्णा तर रिपोर्टाशिवाय गोणीचं तोंड सोडत नाहीत. याच अण्णांनी गेल्या उन्हाळ्यात स्वतः मात्र पोटॅशियम अंदाजपंचे घेतलं.

रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत कुणीतरी निदान केलं, "पोटॅशियम कमी पडलंय." वहिनींना आदल्या वर्षी जुलाब-उलट्यांनी ॲडमिट केलं होतं, तेव्हाची पोटॅशियम क्लोराइड सिरपची चिठ्ठी फाइलमध्ये होतीच. ती दाखवून मेडिकलमधून बाटली आली. चिठ्ठी कुणाची, कधीची, कुणी विचारलं नाही. तीन-तीन चमचे, दिवसातून तीनदा. जोडीला रोज शहाळं आणि बीपीवाल्यांना चांगलं म्हणून आणलेलं लो सोडियम मीठ. त्या मिठात सोडियम कमी करून घातलेलं असतं ते पोटॅशियम क्लोराइडच. पाकिटावर छापलेलं असतं, पण मिठाचं पाकीट वाचतो कोण?

दोन आठवडेही झाले नव्हते. एके दिवशी ओट्याच्या पायऱ्या चढताना अण्णांचे पाय उचलेनात. आम्हाला वाटलं उन्हाचा थकवा. रक्तात पोटॅशियम निघालं 6.9, हवं साधारण 3.5 ते 5. ईसीजी पाहून डॉक्टरांनी बसूही दिलं नाही. आधी हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. "मला शुगर आहे हे खरं, पण आज ती वाढलेली नाही, मग इन्सुलिन कशाला?" असं अण्णांनी तिथेही विचारलंच. इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट कळली, आणि पत्र लिहितोय ते खरं तर तिच्यासाठीच. नेहमीच्या सिरपच्या 15 मिलीत, म्हणजे तीन चमच्यांत, जेमतेम दोन केळ्यांइतकं पोटॅशियम असतं. धडधाकट मूत्रपिंड जास्तीचं सहज लघवीवाटे काढून टाकतं. पण अण्णांचं मूत्रपिंड मधुमेहाने आधीच मंदावलेलं, आणि बीपीची गोळी टेल्मिसार्टन, जी शरीरात पोटॅशियम राखून ठेवते. रामिप्रिल, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांचंही तेच. उलट लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी पोटॅशियम घटतं, म्हणून त्या घेणाऱ्या एखाद्याला डॉक्टर मुद्दाम सिरप देतात. दोघेही चारचौघांत सांगणार काय, तर "मला बीपीची गोळी चालू आहे." एकाचं औषध दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं ते इथे. शिवाय वाढलेलं पोटॅशियम पुष्कळदा आधी काही जाणवूच देत नाही, थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. आणि पोटऱ्यांतले गोळे? अण्णांचं पोटॅशियम मुळात कमी होतं की नाही, हेच कुणी तपासलं नव्हतं.

लो सोडियम मीठ वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली आहे, मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि मुलं यांना वगळून. आपल्याकडे शिफारस तेवढी घरोघर पोचते, वगळलेली माणसं मागेच राहतात.

शहरातल्या औषध दुकानदारांना एक विनंती आहे. पोटॅशियमची बाटली देताना चिठ्ठीवरचं नाव आणि तारीख पाहा, आणि "बीपीची गोळी कोणती?" एवढं विचारा. डॉक्टरांनीही घरी सोडताना सिरप किती दिवस घ्यायचं ते मराठीत लिहून द्यावं. वहिनींच्या फाइलमध्ये औषधाचं नाव होतं, बंद कधी करायचं ते नव्हतं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
मखमलाबाद, नाशिक