व्हिएतनाममध्ये आपला आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही, हे प्रवाशांना ठळकपणे सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत एका ठाणेकर दांपत्याने भाड्याच्या मोटारसायकलवरून केलेल्या उत्तर व्हिएतनामच्या प्रवासाचे वर्णन वाचले. पती-पत्नीने मिळून असा प्रवास करावा, तिने नुसते मागे बसून न राहता नकाशा, मुक्काम आणि खर्च यांची सूत्रे हाती घ्यावीत आणि दोघांनी ते मोकळेपणाने लिहावे, हे मला मनापासून आवडले. मात्र निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला म्हणजे कागदपत्रांची काळजी मिटली, असा जो समज त्या लेखातून होतो, तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे. मी व माझे पती नुकतेच त्याच भागात जाऊन आलो. आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाला तर या समजाची फार मोठी किंमत मोजावी लागली, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आंतरराष्ट्रीय परवाना नावाने एकच असला, तरी तो दोन वेगवेगळ्या करारांखाली दिला जातो. एक 1949 चा जिनिव्हा करार आणि दुसरा 1968 चा व्हिएन्ना करार. आपल्याकडे मिळणारा परवाना 1949 च्या करारानुसार असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 26 ऑगस्ट 2022 रोजी देशभरासाठी या परवान्याचा एकच नमुना ठरवून दिला आणि त्यावर क्यूआर कोड आणला, तेव्हाही हाच आधार सांगितला होता. व्हिएतनाम 2014 मध्ये 1968 च्या करारात सामील झाला आणि तेथे त्याच करारानुसार दिलेला परवाना ग्राह्य धरतात. त्यामुळे हजार रुपये शुल्क भरून रीतसर मिळवलेला आपला परवाना कितीही खरा असला, तरी तेथील पोलिसांच्या लेखी आपण विनापरवाना गाडी चालवत असतो. जपानमध्ये नेमकी उलट स्थिती आहे. तेथे 1949 चाच परवाना चालतो, म्हणून आपला माणूस तेथे निर्धास्तपणे गाडी चालवू शकतो. श्रीलंकेत आपल्या परवान्याशिवाय तेथील वेगळी मान्यता घ्यावी लागते, तर नेपाळ आणि भूतानमध्ये आपले नेहमीचे लायसन्सच पुरते. देशागणिक नियम बदलतो, आणि नेमके हेच आपल्याकडे कोणी सांगत नाही.

1 जानेवारी 2025 पासून व्हिएतनामने वाहतुकीचे दंड बरेच वाढवले आहेत. परवान्याशिवाय 125 सीसीपर्यंतची दुचाकी चालवल्यास 20 ते 40 लाख डोंग (तेथील चलन) आणि त्याहून मोठी गाडी असल्यास 60 ते 80 लाख डोंग दंड होतो. आपल्या पैशांत हा आकडा साडेसहा हजारांपासून पंचवीस हजारांच्या पुढे जातो, शिवाय गाडीही जप्त होऊ शकते. 50 सीसीपर्यंतच्या गाडीला तेथे परवाना लागत नाही हे खरे, पण दोघांना आणि सामानाला घेऊन तशी गाडी त्या घाटांत चढवण्याचा विचारही कोणी करू नये.

हे घाट कसे आहेत, ते सांगितल्याशिवाय माझी कळकळ कळणार नाही. उत्तर व्हिएतनाममधील ‘हा झांग’ या शहरातून निघून क्वान बा, येन मिन्ह, डोंग वान आणि मेओ वाक अशी जी फेरी होते, तिचा मोठा भाग चुनखडीच्या डोंगरांतून जातो. डोंग वानच्या या पठाराला 2010 साली युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांच्या यादीत स्थान मिळाले. सुमारे 185 किलोमीटरचा तो मूळ रस्ता 1959 ते 1965 या काळात तेथील वेगवेगळ्या जमातींच्या तरुणांनी पहारी आणि कुदळींनी खोदून काढला, आणि मा पि लेंगच्या कड्यावर तर कामगारांनी कमरेला दोर बांधून, लोंबकळत, जवळजवळ अकरा महिने दगड फोडला. आज त्या कड्याच्या कडेने जाताना खाली खोल घळीत न्यो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते. उतारावर ह्मोंग जमातीच्या बायका दगडांच्या खोबणींत ओंजळ-ओंजळ माती टाकून मका लावतात, तेव्हा एकेका खोबणीत एकेकच ताट उभे दिसते. इतकी सुंदर वाट मी दुसरी पाहिलेली नाही. पण वाहतूक उजव्या बाजूने आहे, वळणे आंधळी आहेत, कडेला खडी सांडलेली असते, आणि माळशेज घाटात वर्षानुवर्षे सफाईने गाडी चालवणाऱ्या माणसाचा हातही घाईच्या क्षणी सवयीने डावीकडेच वळतो.

आमच्या सोसायटीतील त्या जोडप्याचे नेमके हेच झाले. समोरून ट्रक आला, गाडी सवयीने डावीकडे गेली, तेथून सावरताना खडीवर घसरली आणि पतीच्या खांद्याचे हाड मोडले. पत्नीला खरचटण्यावर निभावले, पण पुढचे सगळे तिच्या एकटीच्या अंगावर आले. जवळच्या दवाखान्यात प्रथमोपचार झाल्यावर सुमारे 300 किलोमीटरवरच्या हनोईपर्यंत त्याला गाडीतून न्यायचे, भाषा येत नसताना शस्त्रक्रियेला संमती द्यायची, मोडलेल्या गाडीची भरपाई मिळेपर्यंत दुकानदाराने ठेवून घेतलेला पासपोर्ट सोडवायचा, हे तिने कसे केले ते तिलाच ठाऊक. दोघांनी प्रवास विमा घेतला होता. दावा केल्यावर विमा कंपनीने व्हिएतनाममध्ये वैध असलेल्या परवान्याची प्रत मागितली, आणि ती नसल्यामुळे दावा नामंजूर केला. पॉलिसीच्या अटींत ते लिहिलेलेच होते. मात्र पॉलिसी विकणाऱ्या एजंटाने किंवा सहल ठरवून देणाऱ्याने त्यांना त्याबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. उलट आरटीओचा परवाना आहे ना, मग झाले, असेच दोघांनीही सांगितले होते.

हे घडलेले डोळ्यांसमोर होते, म्हणून आम्ही गाडी स्वतः चालवली नाही. तेथे स्थानिक चालकाच्या मागे बसून ही फेरी करता येते, आणि आम्ही तोच मार्ग स्वीकारला. दोघे दोन गाड्यांवर होतो, याची रुखरुख मला थोडी वाटली. पण माझा चालक उतारावर ब्रेकला हातही न लावता दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवायचा, प्रत्येक वळणाआधी हॉर्न देऊन पलीकडून उत्तर येते का ते ऐकायचा, आणि रात्री मुक्कामाच्या घरी मक्याची दारू पुढे आली की पेला पालथा घालायचा. तेथे वाहनचालकाच्या शरीरात मद्याचा अंशही चालत नाही आणि रात्रीची दारू सकाळच्या तपासणीत सापडते, हे त्यानेच आम्हाला खुणांनी समजावले. एका नाक्यावर आपल्याकडचा एक तरुण पोलिसाशी हुज्जत घालत होता. पोलिसाने त्याच्या परवान्यावरच्या 1949 या आकड्यावर बोट ठेवले आणि काही न बोलता तो परत दिला. त्या तरुणाची पत्नी हेल्मेट काढून रस्त्याच्या कडेला बसली होती आणि पुढची वाट कशी गाठायची, हे मोबाईलवर शोधत होती.

2024 मध्ये सुमारे पाच लाख भारतीय व्हिएतनामला गेले, आणि ठाणे, डोंबिवली, वाशी येथून जाणाऱ्या तरुण जोडप्यांत दुचाकीच्या सफरीची ओढ वाढते आहे. म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. आंतरराष्ट्रीय परवान्याच्या अर्जातच कोणत्या देशांत जाणार, हे विचारले जाते. अर्जदाराने व्हिएतनाम लिहिले, तर हा परवाना तेथे ग्राह्य नाही, अशी स्पष्ट सूचना त्याच वेळी मराठीतून मिळाली पाहिजे. ऑनलाइन अर्जात ही सोय करणे मुळीच अवघड नाही. सहल कंपन्यांनी दुचाकीची सफर विकताना ही गोष्ट पावतीवर छापावी आणि विमा एजंटांनी ती तोंडी सांगावी. जाणाऱ्यांनीही आपल्या लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलची नोंद आहे की फक्त मोटारीची, हे परवाना चालणाऱ्या कुठल्याही देशात जाताना तपासून घ्यावे, कारण मोटारीच्या नोंदीवर मोटारसायकल चालवता येत नाही.

मुख्य मागणी मात्र केंद्र सरकारकडे आहे. ब्रिटनही पूर्वी 1949 च्याच नमुन्यावर चालत होता. त्याने 1968 च्या कराराला औपचारिक मान्यता दिली, तो तेथे 28 मार्च 2019 पासून लागू झाला, आणि आता प्रवासी ज्या देशात जाणार त्याप्रमाणे तेथे दोन्ही नमुन्यांचे परवाने मिळतात. आपल्या मंत्रालयालाही हे करता येईल. त्याला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत व्हिएतनामशी परस्पर मान्यतेचा वेगळा करार करावा. आपल्या जिल्ह्यातील खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. त्या लेखाखाली परवान्याबाबतचा खुलासा येत्या रविवारी छापावा. यापुढे परदेशातील दुचाकी प्रवासाचे लेख प्रसिद्ध करताना त्या देशात आपला परवाना चालतो का, वाहतूक कोणत्या बाजूने आहे आणि विम्याची अट काय आहे, एवढी माहिती लेखाशेजारी चौकटीत द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)