लेझीम पथकातील मुलांची नावे कधी पुकारणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर शाळांच्या वार्षिक स्नेहसंमेलनांची आणि पारितोषिक वितरणांची वृत्ते येऊ लागतात. त्यांतील पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : पाहुण्यांचे स्वागत शाळेच्या लेझीम पथकाने केले. दुसऱ्या वाक्यापासून पथक नाहीसे होते. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील माध्यमिक शाळांत ३१ वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि त्यांतील बहुतेक वर्षे लेझीम व ध्वज पथके बसवण्यात गेली. पथकाला वर्षअखेरीस जी बक्षिसे दिली जातात, किंवा खरे तर दिली जात नाहीत, त्यांविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजून हे पत्र धाडत आहे.

गेल्या वर्षी एका शाळेच्या संमेलनाला मला निमंत्रण होते. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण जवळपास सगळीकडे असेच चालते. पाहुणे दहाला यायचे होते, ते साडेअकराला आले. तोवर ४० मुलेमुली फेटे बांधून, सड्यावरच्या तापलेल्या कातळावर, फाटकापासून व्यासपीठापर्यंत दोन ओळींत उभी होती. पाहुणे उतरले, हलगी कडाडली, पथकाने ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’ हे लेझमीचे प्रकार करीत त्यांना मंडपात आणून सोडले, आणि मग ती मुले मंडपाच्या मागे गेली, कारण पुढच्या खुर्च्या भरून गेल्या होत्या. पुढे सव्वा तास बक्षिसे चालली. इयत्तेत पहिला, गणितात पहिला, संस्कृतात पहिली, हस्ताक्षर, वक्तृत्व, धावणे, गोळाफेक. अगदी शेवटी ‘लेझीम पथक’ एवढाच पुकारा झाला. शिक्षक वर गेले, त्यांनी एक ढाल स्वीकारली, छायाचित्र निघाले. ४० जणांपैकी एकाचेही नाव उच्चारले गेले नाही. पथकाची शिट्टी जिच्या गळ्यात होती ती नववीची मुलगी त्या वेळी मागे बसून लेझमी मोजून पोत्यात भरत होती. दोन कमी भरल्या म्हणून ती पुन्हा मोजू लागली. ढाल मिळाल्याचे तिला कोणी सांगितले की नाही, मला ठाऊक नाही.

यात कोणाचा दुष्टावा नाही. आपल्या शाळांतील बहुतेक बक्षिसे ठेवींच्या व्याजातून दिली जातात. गावातील कोणी, किंवा मुंबईला गेलेला एखादा माजी विद्यार्थी, वडिलांच्या स्मरणार्थ शाळेकडे रक्कम ठेवतो आणि त्या व्याजातून दहावीत पहिल्या येणाऱ्याला, नाहीतर इंग्रजीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला काहीतरी द्यावे असे लिहून देतो. गुण मोजता येतात, म्हणून ठेवी गुणांसाठी येतात. एकाच मुलाच्या हाती सात पाकिटे पडताना मी पाहिली आहेत आणि त्यात त्या मुलाचा दोष नाही. पण ठेव ठेवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी शाळेत असताना स्वतः लेझीम हाती धरलेली असते, गणपतीला गावी आले की अंगणात ते ती अजूनही धरतात, आणि तरीही ‘उत्कृष्ट ध्वजधारक’ असे बक्षीस ठेवावे हे त्यांच्या मनात येत नाही, याचे मला नवल वाटते.

दुसरी अडचण वेळेची. पथकाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पावसामुळे मैदानावर पाय ठेवता येत नाही, म्हणून पहिले धडे व्हरांड्यात होतात आणि १५ ऑगस्टचे संचलन बहुधा भुरभुर पावसातच पार पडते. गणपतीची सुट्टी संपली की खरा सराव सुरू होतो. त्यानंतर संमेलन, मग २६ जानेवारी, मग १९ फेब्रुवारीची शिवजयंती. म्हणजे डिसेंबरात पारितोषिके वाटली जातात तेव्हा पथकाचे काम अजून निम्म्यावर असते. भात फुलोऱ्यात असतानाच खळ्यावरचा हिशेब मांडावा, तशातला हा प्रकार.

या कामात काय काय असते हे मंडपात बसलेल्यांना दिसत नाही, म्हणून थोडे सांगतो. आमच्याकडे दुपारनंतर खारे वारे सुटतात. आठ-दहा मुलींच्या हातांत कळकाच्या काठीला लावलेले सॅटिनचे रंगीत ध्वज असतात. वाऱ्याच्या तोंडावर ध्वज फिरवला की कापड काठीला गुंडाळते आणि ओळीतला तेवढाच एक ध्वज मिटलेला दिसतो. ते टाळायचे तर मनगट अर्धा ठोका आधी वळवावे लागते. मुलीला हे तोंडाने सांगून येत नाही. दोन महिने वाऱ्यात उभे राहिल्यावर एखाद्या संध्याकाळी ते आपोआप जमते आणि मग पुन्हा कधी चुकत नाही. (हे रंगीत ध्वज असतात, तिरंगा नव्हे. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज कोणापुढेही झुकवता येत नाही, मग तो गरगर फिरवण्याचा प्रश्नच नाही. तरीही दरवर्षी एखादे उत्साही पालक तशी सूचना करतातच.) लेझमीचे दुखणे वेगळे. खाऱ्या हवेने साखळी आणि चकत्या गंजतात, गंजलेली लेझीम खुळखुळण्याऐवजी खरखरते, आणि तशा चार लेझमी पथकात असल्या की हलगीवाल्याच्या कपाळावर आठी पडते. म्हणून कोणीतरी दर शनिवारी जुन्या धोतराचा तुकडा आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसावे लागते. हे काम कोणाला नेमून दिलेले नसते. प्रत्येक पथकात एखादे मूल ते न सांगता करते.

हे सगळे मी निवृत्तीनंतर विसरलोही असतो. पण दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेतील ओहायो राज्यात काही महिने राहण्याचा योग आला. माझी नात तेथील हायस्कुलात ‘कलर गार्ड’ पथकात आहे. फौजेत पलटणीच्या निशाणाला ‘कलर’ म्हणतात आणि ते जपणारी तुकडी ती कलर गार्ड. शाळांनी तिचे रूपांतर कवायत आणि नृत्य यांच्या मिश्रणात केले. शाळेच्या बँडबरोबर फुटबॉलच्या मैदानावर मुली सहा फुटी काठ्यांवरचे ध्वज फिरवतात, लाकडी बंदुका आणि बोथट तलवारी हवेत फेकून झेलतात. थंडीत हेच शाळेच्या व्यायामशाळेत चालते. त्यासाठी ‘विंटर गार्ड इंटरनॅशनल’ ही संस्था १९७७ साली निघाली आणि तिच्या अंतिम स्पर्धा एप्रिलमध्ये त्याच राज्यातील डेटन शहरी भरतात. परीक्षक साहित्याच्या हाताळणीला वेगळे गुण देतात, शरीराच्या हालचालीला वेगळे आणि रचनेला वेगळे. तेथे मी दोन प्रयोग पाहिले. प्रयोग संपताच मुली जमिनीवर अंथरलेले भलेमोठे रंगीत मेणकापड स्वतः घड्या घालून ओढत बाहेर नेतात, कारण पुढचे पथक दारात उभे असते. नात मला म्हणाली, “आबा, नाचायला महिन्यात शिकले, पण ही घडी घालायला वर्ष लागलं.”

हंगाम संपल्यावर शाळेच्या भोजनगृहात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. प्रत्येक घरून एक पदार्थ आणायचा होता. आमच्या सुनेने साबुदाणा वडे नेले आणि ते पहिल्या दहा मिनिटांत संपले. मग प्रशिक्षक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी प्रत्येक मुलीला नावाने बोलावले आणि प्रत्येकीविषयी दोन-तीन वाक्ये सांगितली. ती वाक्ये दुसऱ्या कोणत्याही मुलीला लागू पडली नसती. एकीविषयी त्या म्हणाल्या की, शेवटच्या प्रयोगात हिच्या हातून बंदूक पडली आणि चौथ्या ठोक्याला ती पुन्हा हिच्या हातात होती. असे पडणे मला आवडते, असेही बाई म्हणाल्या. त्यानंतर थोडी ठरावीक बक्षिसे : वर्षभरात सर्वाधिक सुधारणा करणारी, पहिल्या वर्षाची सर्वोत्तम मुलगी, आणि एक बक्षीस असे की ज्याची मानकरी मुलींनीच चिठ्ठ्या टाकून निवडली. ते मिळालेली मुलगी पथकातील सर्वांत कुशल नव्हती, एवढे माझ्यासारख्या परक्यालाही कळत होते. तिचे नाव पुकारताच सगळ्या उठून उभ्या राहिल्या.

तेथील सगळेच मला पटले असे नाही. रडारड फार झाली, छायाचित्रांना अंत नव्हता, आणि काही स्मृतिचिन्हे निव्वळ देण्यासाठी दिल्यासारखी वाटली. पण प्रत्येक मुलीचे नाव तिच्या कामासह चारचौघांत उच्चारले जाणे, हे आपल्याला परके का वाटावे? आपल्या शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, निशाण कोणाच्या हाती, अब्दागीर कोण धरणार, याचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत आणि ते हाक मारून दिले जातात. त्या मानांवरून आपण भांडलोही पुष्कळ, कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या. एवढी मानाची चाड असलेल्या मुलखात शाळेचे निशाण धरणाऱ्या मुलीला नावाने हाक मारली जात नाही, ही विसंगती आहे. आणि लेझीम म्हणजे काही पाहुण्यांच्या स्वागताची तुतारी नव्हे. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातील पथकाने ती साऱ्या खंडासमोर सादर केली होती.

माझी सूचना खर्चाची नाही. पथकाची बक्षिसे संमेलनात न देता शिवजयंतीचा कार्यक्रम आटोपल्यावर किंवा दहावीच्या शुभेच्छा समारंभात द्यावीत, म्हणजे दहावीची मुले शाळा सोडण्याआधी हाताशी असतात. बक्षिसे तीन-चारच असावीत आणि ती कशासाठी आहेत हे जूनमध्येच फळ्यावर लिहावे. त्यांतील एक सुधारणेचे असावे, कारण जूनमध्ये उजवे-डावे न कळणारे मूल जानेवारीत ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’ हे लेझमीचे प्रकार न चुकता करते, यापेक्षा मोठी गोष्ट क्रीडाशिक्षकाच्या नशिबी सहसा येत नाही. एक साहित्य राखणाऱ्याचे असावे. एक पथकाने गुप्त चिठ्ठ्यांनी ठरवावे, आणि याविषयी मी आग्रही आहे. ‘उत्कृष्ट लेझीमपटू’ निवडण्याचे काम केवळ शिक्षकावर सोपवले की संस्थेच्या कोणा पदाधिकाऱ्याची मुलगी कशी उत्कृष्ट ठरते, हे मी जवळून पाहिले आहे. एकदा मीही त्या दडपणाला बळी पडलो. ज्या मुलाचे बक्षीस तेव्हा मी दुसऱ्याला दिले तो आज एस.टी.त वाहक आहे, आणि तिकीट फाडताना मला अजूनही ‘सर’ म्हणतो. मला त्याच्याकडे पाहवत नाही. चिठ्ठ्यांतही भाऊबंदकी चालते, हे मान्य. पण सात महिने एका ओळीत उभ्या राहिलेल्या मुलांना शेजारच्याने किती काम केले हे पक्के ठाऊक असते, आणि माझ्या अनुभवात ती या बाबतीत मोठ्या माणसांहून कमी फसतात.

उरलेल्या सर्वांना बक्षीस नको, पण नाव हवे. ४० नावे आणि प्रत्येकाविषयी एक वाक्य, यास अर्धा तास पुरतो. पाहुण्यांची वाट पाहण्यात आपण त्याहून अधिक वेळ घालवतो.

हे नुसते लिहून थांबू नये म्हणून मी वर उल्लेख केलेल्या शाळेकडे साहित्य राखणाऱ्या विद्यार्थ्याच्या बक्षिसासाठी १०,००० रुपयांची ठेव देऊ केली आहे. सात टक्के व्याज धरले तरी वर्षाला ७०० रुपये होतात, तेवढे पुरे. मुख्याध्यापकांनी ती आनंदाने मान्य केली. मात्र कार्यालयातील अर्जावर ‘कै. ........ यांच्या स्मरणार्थ’ असे आधीच छापलेले आहे आणि ती जागा रिकामी ठेवता येत नाही, असे लिपिकांनी सांगितले. माझे स्वतःचे नाव तेथे घालायला घरून विरोध झाला. अखेर, मी नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी ज्यांनी मला ठेक्यातली चूक कानाने ओळखायला शिकवली आणि पुढे कित्येक वर्षे एका नारळावर आमच्या पथकासाठी हलगी वाजवली, त्या गावकरी गृहस्थांचे नाव लिहून अर्ज परवा दिला आहे. पोत्यात लेझमी मोजणारी ती मुलगी यंदा दहावीत आहे. बोर्डाची परीक्षा सुरू होण्यापूर्वी समारंभाची तारीख ठरावी, यासाठी मी आठवड्यातून एकदा शाळेत चक्कर मारतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
(जि. रत्नागिरी)