‘हरित’ शिक्क्याची घाई

संपादक महोदय,

आयनिक द्रवांना ‘हरित’, म्हणजे पर्यावरणाला निरुपद्रवी, ठरवणाऱ्या बातम्या वाचनात येतात, त्याविषयी हे पत्र. आयनिक द्रव म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळणारे क्षार. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलेले इथाइलअमोनियम नायट्रेट तर १२ अंशांनाच वितळते. हे द्रव सहसा हवेत उडून जात नाहीत, एवढ्यावरून त्यांना सरसकट ‘हरित’ म्हणणे पटत नाही. त्यांतले काही जलचरांना विषारी आहेत. षटकोनी बोरॉन नायट्राइड या बोरॉन-नायट्रोजनच्या संयुगाचे पातळ थर सुटे करायला मात्र ते खरोखर कामी येतात. या पदार्थाची रचना ग्रॅफाइटसारखी, पण रंग पांढरा. उष्णता वाहून नेतो आणि वीज अडवतो! इलेक्ट्रॉनिक उपकरणे थंड ठेवायला आणखी काय हवे? वापरलेला द्रव शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा खर्चही अशा बातम्यांत छापावा.

— एक रसायनप्रेमी वाचक